तीन नो-बॉल

माझ्या आयुष्यातले सगळ्यात महागात पडलेले तीन नो-बॉल मला माझ्या सख्ख्या मोठ्या भावाने दिले. त्या वेळी समोरच्या बॅट्समनच्या तोंडावर जे हसू होतं, ते मला आजही पाठ आहे.

मे महिना होता. आमच्या रत्नागिरीकडच्या गावात कापणीनंतर रिकाम्या पडलेल्या मळ्यात दरवर्षी टूर्नामेंट व्हायची. फायनल आमची खालची वाडी आणि वरची वाडी यांच्यात. दादा दुबईहून सुट्टीवर आलेला. तो स्वतः खेळायचा नाही, पण अंपायर म्हणून त्याला वरच्या वाडीनेच मागून घेतलं. त्याचं कारण गावाला ठाऊक होतं. दादा बारा वर्षांचा असताना आमच्या वडिलांनी शेजाऱ्याचा बांध वीतभर सरकवला होता, आणि पंचांनी विचारल्यावर वडील 'नाही' म्हणत असताना दादाने चारचौघांत 'हो' म्हणून सांगितलं. वडिलांनी त्याला घरी नेऊन सोलून काढला. पण तेव्हापासून दादाच्या शब्दावर कुणी शंका घेतली नाही.

शेवटची ओव्हर, वरच्या वाडीला नऊ रन हव्या होत्या आणि बॉल माझ्या हातात. मी एकोणीस वर्षांचा. माझा हात वानरांनी घडवला, असं म्हटलं तर खोटं नाही. सातव्या वर्षापासून आंब्याकाजूच्या बागेत वानरं हाकायला मलाच पाठवायचे, आणि वानराला दगड लागायला हवा तर तो सरळ जायला हवा, कमान करून गेलेला दगड वानर बसून बघतं. त्याच हाताने मी पहिला बॉल टाकला आणि मधला स्टंप आडवा केला. पोरं नाचत धावली. मी वळून पाहिलं तर लेगला उभ्या दादाचा हात आडवा. नो-बॉल. हात वाकतो, फेकी बॉल आहे. दुसरा बॉलही तसाच, तिसराही. चौथा बॉल मी रागाने हात काठीसारखा ताठ ठेवून टाकला, आणि तो माडांच्या पलीकडे गेला. तीन नो-बॉलचे तीन आणि वर सिक्स. ओव्हरचा एकच बॉल मोजला गेला आणि मॅच संपली.

आपलेच दात आणि आपलेच ओठ, असं म्हणून आईने विषय मिटवला. गावाने मिटवला नाही. दुसऱ्या दिवसापासून मी फेक्या झालो. वाण्याच्या दुकानात, एसटीच्या थांब्यावर, देवळात आरतीला, सगळीकडे फेक्या. मी दादाला एवढंच विचारलं, की एक तरी सोडता आला नसता का. तो म्हणाला, "हात वाकत होता." बस, एवढंच. मी त्याच्याशी बोलणं टाकलं.

भांडण भावाशी असलं तरी व्हिसा भावाकडेच मागावा लागतो, हा कोकणातला नियम. दोन वर्षांनी त्यानेच मला दुबईला आणलं. नव्वदचं दशक नुकतं सुरू झालं होतं. दादा करामाला एका खोलीत सहा जणांसोबत राहायचा आणि बिल्डिंग मेंटेनन्समध्ये इलेक्ट्रिशियन होता. मला एसीचे डक्ट बसवणाऱ्या कंपनीत हेल्परचं काम मिळालं आणि अल कूझच्या लेबर कॅम्पात बंक मिळाला. दर शुक्रवारी संध्याकाळी आम्ही दोघं करामाच्या एका खानावळीत मासे-भात जेवायचो. समोरासमोर बसायचो, गावच्या पत्रातलं वाचायचो आणि बाकी गप्प.

कॅम्पाच्या कुंपणापलीकडे रेतीचा मोकळा प्लॉट होता. तिथे शुक्रवारी सकाळी फिलिपिनो मंडळी कसलासा खेळ खेळत. मी कपडे वाळत घालत होतो तेव्हा त्यांचा एक बॉल कुंपणावरून आमच्याकडे आला. बॉल पांढरा, लाल टाक्यांचा, आपल्या लेदर बॉलपेक्षा किंचित मोठा. लांबवर एक माणूस हातात भलंमोठं चामड्याचं पंजासारखं काहीतरी घालून उभा होता. वानर दिसल्यावर फेकावा तसा मी तो फेकला. तो माणूस जागचा हलला नाही. बॉल सरळ त्याच्या पंजात जाऊन बसला आणि त्याचा आवाज कुंपणाच्या अलीकडे ऐकू आला. त्याने पंजा उघडून बॉल पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, आणि चालत कुंपणापाशी आला. तो आमच्याच कंपनीतला डक्टचा फोरमन निघाला. तोवर मी त्याला फक्त पाठमोरा ओरडताना पाहिला होता.

"वन मोर," तो म्हणाला.

मी मान हलवली. माझ्या तोडक्यामोडक्या इंग्रजी-हिंदीत सांगितलं, "सर, मेरा हात मुडता है. नो-बॉल." हात वाकवून दाखवलासुद्धा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण पुन्हा कुणी चारचौघांत सांगण्यापेक्षा आपणच आधी सांगितलेलं बरं, असं मला वाटलं.

फोरमन माझ्या कोपराकडे बघत राहिला. त्याला आधी कळेचना. मग कळलं तेव्हा तो हसला नाही. "माय फ्रेंड," तो म्हणाला, "इफ नॉट बेंड, हाऊ यू थ्रो?"

मी पुन्हा बंकवर गेलो आणि तोंडावर टॉवेल घेऊन पडून राहिलो. दोन वर्षं ज्या हाताची लाज वाटत होती, तो हात असाच असायला हवा असं कुणीतरी म्हणालं होतं. मला रडू आलं, आणि ते मी शेजारच्या बंकवाल्याला सर्दी म्हणून सांगितलं.

बेसबॉल मला येत नव्हता हे सांगायला नको. पहिल्या दिवशी फोरमनने मला मातीच्या उंचवट्यावर उभं केलं, तर मी पंधरा पावलं मागे जाऊन रनअप घेतला. अख्खी टीम पोट धरून हसली. इथे रबराच्या एका पट्टीवर पाय ठेवून जागेवरूनच फेकायचं असतं. दुसऱ्यांदा मी जागेवरून फेकला, पण सवयीने बॅट्समनच्या पायात यॉर्कर टाकला. इथे टप्पा पडला की बॉल वाया, गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या पट्ट्यात तो तसाच हवेतून जायला हवा. तीनदा बॅट्समन चुकला की आउट. हे कळल्यावर पहिला गडी मी तीन बॉलांत घालवला, आणि दोन्ही हात वर करून अंपायरकडे धावत अपील केलं. अंपायर घाबरून दोन पावलं मागे सरकला.

फोरमनने महिनाभरात ओळखलं, की माझ्या अंगात वीस बॉलांची आग आहे, एकविसावा बॉल म्हणजे हळदीकुंकवाला निघालेली बाई. म्हणून त्याने मला शेवटी ठेवलं. आमची मॅच सात इनिंगची. पहिला पिचर, म्हणजे बॉलर, पाच-सहा इनिंग ओढायचा, आणि तो दमला, मैदानाच्या तीन कोपऱ्यांतल्या बेसवर समोरची माणसं चढून बसली, हातातली मॅच निसटायला लागली, की फोरमन बाकाकडे वळून बोट करायचा. वरातीमागून घोडं म्हणजे उशिरा आलेलं, बिनकामाचं. माझं उलट होतं. वरात अडल्यावरच घोडं लागायचं. दीड-दीड तास मी बाकावर खारे शेंगदाणे खात बसायचो आणि लोकांच्या चुका मोजायचो. गावीही वानरं झाडावर चढल्यानंतरच मला हाक मारायचे, तेव्हा मला त्याची सवय होती. टीमने माझं नाव 'खलास' ठेवलं. मी उंचवट्याकडे निघालो की बाकावरून अरबीत 'चल' म्हणत ओरडा व्हायचा, "यल्ला, खलास!" फेक्यापेक्षा ते कितीतरी बरं होतं.

करामाच्या खानावळीत मी दादाला हे सांगितलं. खरं तर ते सांगण्यासाठीच मी शुक्रवारची वाट बघत होतो.

"तो खेळ फेकायचाच आहे का?" त्याने विचारलं.

"फेकायचाच."

"मग ठीक आहे. तिकडे फेक." आणि त्याने माशाचा काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला.

"एकदा बघायला ये ना."

"शुक्रवारी ओव्हरटाइम असतो."

ओव्हरटाइम नव्हता. मला ते ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे त्याला ठाऊक होतं. खोटं न बोलणाऱ्या माणसाचं हे एकच खोटं मी ऐकलं, आणि तेही माझ्यासाठी खर्च झालं. त्या दिवशी मी ठरवलं, की हा माणूस एक दिवस येऊन मला बघेल आणि ते तीन नो-बॉल परत घेईल. बाकी मला काही नको होतं. लोक दुबईला घर बांधायचं स्वप्न घेऊन येतात. मी हे घेऊन राहिलो.

पहिल्याच सीझनमध्ये मी एक मॅच हरवली, ती अशी की माझ्याआधी जगात कुणी तशी हरवली नसेल. शेवटच्या इनिंगला रन बरोबरीत होत्या आणि पहिल्या बेसवर समोरचा एक माणूस उभा होता. मी फेकायच्या आधीच तो बेस सोडून चार-पाच पावलं पुढे सरकला. आता आमच्या गावात काय पद्धत? बॉलरच्या बाजूचा बॅट्समन बॉल टाकायच्या आधीच क्रीज सोडायला लागला, तर त्याला एकदा सांगायचं. पुन्हा सरकला तर मग स्टंप उडवायचे. न सांगता उडवले तर वाडीत कुणी पाणी विचारणार नाही. म्हणून मी थांबलो, त्या माणसाकडे वळलो, आणि बोट हलवून म्हणालो, "मागे जा. नेक्स्ट टाइम आउट."

तो बिचारा गोंधळून खरंच मागे गेला. मग त्याच्या लक्षात आलं की अशा वेळी न सांगता बेसवर बॉल फेकून आउट करायचं असतं, आणि हा माणूस तर फेकतच नाही. पुढच्या बॉलला तो निघाला तो थेट दुसऱ्या बेसवर पोचला, त्यानंतर तिसऱ्या, आणि तिथून घरी, म्हणजे बॅटिंगच्या जागी. त्या एका रनने आम्ही हरलो.

"व्हॉट यू टेल हिम?" फोरमनने विचारलं.

"वॉर्निंग दिली."

त्याने टोपी काढली, पुन्हा घातली आणि आपल्या टोयोटाकडे निघून गेला.

संध्याकाळी दादाने सगळं ऐकून घेतलं आणि तीन वर्षांत पहिल्यांदा मला म्हणाला, "बरोबर केलंस." मला इतका राग आला, की तळलेलं पापलेट तसंच ठेवून मी उठलो. मी जिंकलेल्या मॅचबद्दल ज्याने एक शब्द काढला नाही, त्याला मी हरवलेली मॅच आवडली होती.

पुढची वर्षं माझी होती, हे मी नम्रपणे सांगायचं तर मला जमत नाही, म्हणून तसंच सांगतो. फोरमनने मला बोटं फाकवून बॉल धरायला शिकवलं. तसा सोडला की बॉल छातीच्या उंचीवर येतो आणि बॅटजवळ आल्यावर गुडघ्याला डुबकी मारतो. त्यात मी टेनिस बॉलवरच्या काही गावठी करामती मिसळल्या. अल ऐनला एका मॅचसाठी गेलो होतो, तिथे मी नऊ बॉलांत तीन गडी घालवले, आणि समोरच्या टीमचा अमेरिकन कोच येऊन माझी बोटं उलटसुलट करून बघून गेला. जेबेल अलीच्या एका मोठ्या कंपनीने माझा व्हिसा बदलून घेतला, केवळ पिचिंगसाठी. माझ्या लेबर कार्डवर 'स्टोअर असिस्टंट' लिहिलं होतं. ते स्टोअर नेमकं कुठे आहे हे मला तिसऱ्या महिन्यात कळलं. मी अट घातली होती की फोरमनलाही कोच म्हणून घ्या, आणि त्यांनी घेतलं. ज्या हेल्परला तो डक्टखाली उभा करून शिव्या घालायचा, त्याने त्याची बदली करून आणली होती. तो मला त्यानंतर 'सर' म्हणायचा, अर्थात चिडवायला.

गावी सुट्टीवर गेलो की लोक विचारायचे, दुबईत काय करतोस? मी सांगायचो, फेकतो. त्याचा पगार मिळतो. वरच्या वाडीच्या तोंडाचा मग एक विशिष्ट आकार व्हायचा. त्यासाठी मी मुद्दाम वरच्या वाटेने जायचो.

पण दादा आला नाही. त्याचं लग्न झालं, वहिनी आली, करामालाच त्यांनी फ्लॅट घेतला, पुतणी शाळेत जायला लागली. मी जिंकलेले कप त्यांच्या टीव्हीवर ओळीने ठेवले जायचे आणि दादा त्यावरची धूळ स्वतः पुसायचा. मॅचला मात्र नाही. मी विचारणं सोडलं. वाट बघणं सोडलं नाही.

नव्या शतकाची दोन-तीन वर्षं उलटली तेव्हा खांद्याने हिशेब मागायला सुरुवात केली. मॅचनंतर बर्फाच्या बादलीत हात घालून बसलो तरी शर्टाचं बटण लावता येईना. फोरमन म्हणाला, "धिस सीझन, खलास." या वेळी ते माझं नाव नव्हतं.

मी दादाकडे जेवायला बसलो होतो. सांगितलं, की पुढच्या शुक्रवारी फायनल आहे, आणि ती माझी शेवटची मॅच. दादा भाकरी मोडत राहिला. पुतणी दहा वर्षांची होती, मराठीत विचारलं तरी इंग्रजीतच उत्तर द्यायची. तिने ताटावरून मान वर केली. "पपा, वी आर गोइंग."

"अगं, पपांना ओव्हरटाइम असतो," मी म्हणालो.

"ही डझन्ट हॅव ओव्हरटाइम. ही जस्ट स्लीप्स."

वहिनी हसू दाबत आत गेली. दादाच्या घरात दादाचाच नमुना निघाला होता.

एप्रिलचा शुक्रवार, सकाळी दहालाच ऊन डोक्यात शिरत होतं. शेवटची इनिंग. आम्ही एका रनने पुढे. समोरच्यांचा एक माणूस तिसऱ्या बेसवर, एक पहिल्यावर. तिसऱ्यावरचा घरी आला तर बरोबरी, पहिल्यावरचाही आला तर आम्ही गेलो. एक गडी आउट झालेला, आणखी दोन हवे होते. फोरमनने बाकाकडे बोट केलं.

उंचवट्यावर चढताना मी जाळीकडे पाहिलं. कॅचरच्या, म्हणजे आमच्या कीपरच्या, मागे जाळीला लागून दादा उभा होता. हात पाठीमागे बांधलेले, मान किंचित कलती. चौदा वर्षांपूर्वी लेगला तो असाच उभा होता. समोरच्या बॅट्समनची मला भीती नव्हती, भीती त्या पाठीमागे बांधलेल्या हातांची होती. त्यातला एक आता आडवा होईल असं मला मनापासून वाटत होतं.

पहिला बॉल कॅचरच्या डोक्यावरून जाता जाता राहिला. दुसरा मातीत. मग मला स्वतःचाच संताप आला. एवढी वर्षं ज्याच्यासाठी फेकलं तो आलाय, आणि तू वानराला कमानीतले दगड मारतोयस? तिसरा बॉल सरळ गेला. चौथाही. पाचवा बॅट्समनने बाहेर उडवला. सहावा मी बोटं फाकवून सोडला, तो छातीवर आला आणि बुडाला, बॅट हवेत फिरली. एक गेला.

दुसरा बॅट्समन शहाणा होता, घाई करीत नव्हता. पाच बॉल झाले तरी हटेना. खांद्यात आतून सुई टोचत होती. सहाव्यासाठी मी थांबलो, श्वास घेतला, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. पहिल्या बेसवरचा माणूस सरकला होता. एक पाऊल, दोन, पाच.

दादा बघत होता. ज्या दादाने मला उभ्या जन्मात एकदाच 'बरोबर केलंस' म्हटलं होतं, आणि तेही अशाच माणसाला वॉर्निंग दिली म्हणून.

मी वळलो आणि फेकला. आमच्या पहिल्या बेसवाल्याचा पंजा खाली आला, त्या माणसाचा हात बेसवर पोचायला वीतभर उरला होता. अंपायरने मूठ वर केली. आउट. मॅच आमची.

पुढचं मला नीट आठवत नाही. मी खाली होतो आणि माझ्यावर बरीच माणसं होती, आणि सगळ्यांत वर फोरमन होता. माझ्या दुखऱ्या खांद्यावर बसून तो 'खलास, खलास' ओरडत होता. इतका आनंद मला आधी कधी झाला नव्हता, आणि त्यानंतर मुलगा झाला तेव्हाच झाला. बायकोला हे सांगितलेलं नाही.

गर्दी पांगल्यावर दादा आला. पुतणी माझा पंजा घेऊन नाचत होती.

"तो पहिल्या बेसवरचा," दादा म्हणाला. "त्याला आधी सांगितलं नाहीस."

"इथे सांगत नाहीत, दादा."

"रूलमध्ये आहे?"

"आहे."

त्याने विचार केला. "मग आउट."

माझ्या तोंडून निघून गेलं, "आणि ते तीन?"

कुठले, हे त्याने विचारलं नाही. "ते नो-बॉलच होते. हात वाकत होता. आजही तसाच वाकतो."

चौदा वर्षांची वाट आणि हे उत्तर. माझं डोकं फिरलं. मी पाठ वळवणार तोच तो पुढे म्हणाला, "आज मी अकरा बॉल बघितले. अकरापैकी एकही नो-बॉल नव्हता." त्याचा आवाज तोच होता, ज्याने चावडीवर बापाविरुद्ध 'हो' म्हटलं होतं. "मी आधीच यायला हवं होतं. तुझ्या बॉलला पुन्हा हात आडवा करावा लागेल, ही भीती होती मला. म्हणून आलो नाही."

ते तीन त्याने परत घेतले असते, तर हे अकरा मी खरे मानले नसते. तिथे उन्हात, सगळ्यांदेखत, मी रडलो. या वेळी सर्दी म्हणायची गरज पडली नाही.

दादाने पुतणीकडून पंजा मागून घेतला आणि कुठलाही क्रिकेटवाला घालेल तसा चुकीच्या हातात घातला. "नॉट दॅट हॅन्ड, पपा," म्हणत तिने तो बदलून दिला. मग तो मोजून वीस पावलं लांब गेला आणि पंजा छातीसमोर धरला. मी हळूच टाकला.

बॉल पंजात बसला. त्याने तो काढून माझ्याकडे परत टाकला आणि मान हलवली.

"असा नको," दादा म्हणाला. "फेक."